सर्कस कशी पाहावी?

बालमित्रांनो, तालुक्याच्या गावी मोकळ्या माळावर सर्कशीचा तंबू पडला, की आपले पाय जमिनीवर ठरत नाहीत. कर्णा लावलेली गाडी गल्लीबोळांतून फिरते, भिंतीवर रंगीत कागद चिकटतात, आणि घरोघरी "आम्हाला न्या ना" असा एकच धोशा सुरू होतो. आता सर्कशी थोड्याच उरल्या आहेत, म्हणून ती आली तर जरूर पाहावी. पण पाहावी कशी?

तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचे? डोळे उघडे ठेवायचे आणि टाळ्या वाजवायच्या! पण तसे नाही बरं का. सर्कशीत जादू मुळीच नसते. तिथे सराव असतो, हिशेब असतो आणि एकमेकांवरचा विश्वास असतो. हे ज्याला दिसले, त्याने खरी सर्कस पाहिली. चला तर, एकेक गोष्ट समजून घेऊ.

१. रिंगण गोलच का?

'सर्कस' हा शब्दच मुळी लॅटिन भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ वर्तुळ किंवा कडे असा होतो. आजच्या पद्धतीची सर्कस इंग्लंडात लंडन शहरी १७६८ साली सुरू झाली. फिलिप अ‍ॅस्टली नावाचा एक घोडेस्वार होता. तो धावत्या घोड्याच्या पाठीवर उभा राहून कसरती करी. सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्यावर उभे राहणे अवघड. पण घोडा गोल धावू लागला, की स्वार आतल्या बाजूला किंचित झुकतो आणि त्याचा तोल राहतो. सायकल वळवताना आपणही आत झुकतोच ना? तसेच हे.

पुढे या रिंगणाचे माप ४२ फूट ठरून गेले. रिंगणाची रुंदी जगभरच्या पुष्कळ सर्कशींत अजूनही साधारण एवढीच असते.

करून पाहा: शाळेच्या मैदानात एक मेख ठोका. तिला २१ फुटांची दोरी बांधा. दोरी ताणून धरून चुन्याने वर्तुळ काढा. झाले सर्कशीचे रिंगण! आता त्यात जोरात पळा आणि आपले अंग कोणत्या बाजूला झुकते ते पाहा.

२. तंबू कसा उभा राहतो?

खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूकडे नीट पाहा. मध्ये उंच खांब, वर कापडाचे छप्पर, भोवती कनात, आणि चहूबाजूंनी जमिनीत ठोकलेल्या मेखा. मेखांपासून खांबांपर्यंत ज्या दोऱ्या ताणलेल्या असतात त्यांना तणावे म्हणतात. एका बाजूचा तणावा सैल पडला, तर खांब दुसऱ्या बाजूला कलतो. वर टांगलेला झुला, दोरी, शिडी या सगळ्यांचा भरवसा खाली मेखा ठोकणाऱ्या माणसांवर. ही माणसे झगमगीत कपड्यांत रिंगणात येत नाहीत. घण घेऊन ती आधीच घाम गाळून मोकळी झालेली असतात.

३. दोरीवरची चाल

आपल्या गावात ढोलके वाजवीत डोंबारी येत असत. दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या, मध्ये दोरी, आणि तिच्यावरून हातात काठी घेऊन चालणारी मुलगी. आपल्या आजीआजोबांना विचारा, ते हमखास सांगतील. सर्कशीतली तारेवरची चाल ही त्याच विद्येची बहीण आहे.

दोरीवर चालणारा हातात लांब काठी का धरतो? ऐट म्हणून नव्हे. लांब आणि जड काठी पटकन फिरत नाही. त्यामुळे अंग कलू लागले तरी सावकाश कलते, आणि सावरायला वेळ मिळतो. आपल्या शरीराचे वजन जिथे एकवटते त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. तो गुरुत्वमध्य पायाखालच्या दोरीच्या बरोबर वर राहिला, की माणूस पडत नाही. तो जरा इकडेतिकडे झाला, की चालणारा काठी हलवून त्याला परत जागेवर आणतो. आणखी एक गोष्ट पाहा हं. तो आपल्या पायांकडे बघत नाही. त्याची नजर दोरीच्या पलीकडच्या टोकावर खिळलेली असते.

करून पाहा: तळहातावर एक पेन्सिल उभी धरा. नंतर हातभर लांबीची काठी उभी धरा. कोणती जास्त वेळ राहते? लांब काठी सावकाश कलते, म्हणून ती सावरणे सोपे. मग एका पायावर उभे राहा, आधी डोळे उघडे ठेवून आणि नंतर मिटून. नजरेचे महत्त्व लगेच कळेल.

४. झुल्यावरची उडी

हा सर्कशीतला सर्वांचा आवडता खेळ. एका झुल्यावरून माणूस सुटतो, हवेत कोलांटी घेतो आणि समोरच्या झुल्यावर उलटे लोंबणाऱ्या माणसाचे हात पकडतो. हा झुल्याचा खेळ फ्रान्समधल्या झ्यूल लेओतार याने १८५९ साली पॅरिस शहरात पहिल्यांदा करून दाखवला. त्याच्या वडिलांची व्यायामशाळा होती. तिथल्या पोहण्याच्या तलावावर दोऱ्या टांगून त्याने सराव केला. म्हणजे पडलाच तर पाण्यात!

आता प्रश्न असा, की दोघांची गाठ हवेत बरोबर कशी पडते? याचे उत्तर लंबकात आहे. झुला एकदा जाऊन परत यायला किती वेळ घेतो, हे त्याच्या दोरीच्या लांबीवर ठरते. माणूस जाड की बारीक, याने फारसा फरक पडत नाही. दोरी तीच असेल तर वेळही तोच. म्हणून मनातल्या मनात अंक मोजून उडी मारता येते. क्षणभर आधी सुटला तर चुकला, क्षणभर उशीर केला तरी चुकला.

करून पाहा: दोरीला दगड बांधून खिळ्याला टांगा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी ठेवा. थोडासाच झोका देऊन जाण्यायेण्याच्या १० फेऱ्या मोजा. घड्याळात सुमारे २० सेकंद होतील. आता दोरी पाव मीटर करा. १० फेऱ्यांना सुमारे १० सेकंद लागतील. दगड बदलून पाहा, वेळ बदलणार नाही. दोरी ४ मीटर असती, तर एका फेरीला सुमारे ४ सेकंद लागले असते.

आता एक गंमत सांगतो. सगळे प्रेक्षक उडी मारणाऱ्याकडे पाहतात. तुम्ही या वेळी पकडणाऱ्याकडे पाहा. तो गुडघ्यांत झुला अडकवून डोके खाली करून लोंबत असतो. वेळ साधून तो पुढे येतो. तो समोरच्याचे नुसते बोट किंवा पंजा धरत नाही; दोघे एकमेकांची मनगटे धरतात. म्हणजे एकाचा हात घामाने निसटला, तरी दुसऱ्याची पकड राहते. अर्धी उडी त्याची असते. मग टाळ्यासुद्धा अर्ध्या त्याच्या नकोत का?

५. जाळे म्हणजे भित्रेपणा नव्हे

खाली जाळे बांधलेले पाहून काही मोठी मंडळीसुद्धा म्हणतात, "हॅ, जाळे आहे, मग त्यात काय विशेष?" हे बोलणे चुकीचे आहे. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. चेंडू एकदम न थांबता हळूहळू थांबतो आणि हाताला झिणझिण्या येत नाहीत. जाळेही तसेच करते. ते खाली दबते आणि पडणाऱ्याला हळूहळू थांबवते. पण जाळ्यात पडायचीसुद्धा विद्या असते. डोक्यावर किंवा पायांवर पडले तर मान मोडेल, नाही तर पाय मुरगळेल. म्हणून पाठीवर पडायला आधी शिकवतात. झुल्यावर चढण्याआधी पडायला शिकायचे, असा हा क्रम आहे!

जाळे काढून टाकले म्हणजे खेळ चांगला होत नाही. तो फक्त जिवावर बेततो. आपण "जाळे काढा" म्हणून ओरडलो, तर पोटासाठी खेळणारा माणूस एखादे वेळी काढीलही. म्हणून असे कधीही ओरडू नये.

६. लोखंडी गोलातली मोटारसायकल

याला 'मौत का गोला' म्हणतात. जाळीच्या मोठ्या गोलात मोटारसायकल आडवी, उभी, अगदी उलटीसुद्धा फिरते. ती खाली का पडत नाही? दोरी बांधलेल्या डब्यात पाणी घ्या आणि मोकळ्या जागी तो गरागरा फिरवा. डबा डोक्यावर उलटा येतो, तरी पाणी सांडत नाही. वेग कमी केला, की लगेच अंघोळ! गोलातही वेग पुरेसा असेल तोवर चाक जाळीला दाबून राहते. तिथे वेग फार झाला तरी चालत नाही आणि कमी झाला तर मुळीच चालत नाही.

७. आपल्या मातीतली सर्कस

पालकहो, ही हकिकत आपणही मुलांना सांगावी. भारतातली पहिली सर्कस एका मराठी माणसाने काढली. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोप गावचे विष्णुपंत छत्रे. त्यांनी ग्वाल्हेरीस राहून हद्दूखाँ यांच्याकडे गाणे आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या शिकली. पुढे मुंबईत चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली. अशी सर्कस काढणे हिंदी लोकांना इतक्यात जमायचे नाही, असे तो म्हणाला आणि ते पंतांच्या जिव्हारी लागले, अशी गोष्ट सांगतात. १८८० साली पंतांची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. पाठोपाठ म्हैसाळची देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस अशा आणखी सर्कशी निघाल्या.

छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळात तलशेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे शिक्षक मुलांना कळरिपयट्टू आणि कसरती शिकवीत. दोघांची गाठ पडली. पुढे १९०१ साली कीलेरी गुरुजींनी तलशेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीची शाळाच काढली. तिथे तयार झालेले कलावंत देशोदेशीच्या सर्कशींत गेले. म्हणजे पाहा, घोडे सांगलीकडचे आणि कसरत तलशेरीची, अशी दोघांची मिळून भारतीय सर्कस मोठी झाली.

८. रिंगणातून कोण बाहेर गेले?

पूर्वी सर्कस म्हटले, की वाघ-सिंह आलेच. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-बिबट्यांचे खेळ करीत अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोहोचले. पण पिंजऱ्यात कोंडून गावोगाव फिरवलेल्या जनावराचे हाल होतात, हे लोकांना हळूहळू पटले. १९९८ साली भारत सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. अमेरिकेतली रिंगलिंग सर्कससुद्धा २०१७ साली बंद पडली आणि २०२३ साली परत निघाली ती प्राण्यांवाचून.

आणखी कोण बाहेर गेले माहीत आहे? तुमच्याआमच्या वयाची मुले. पूर्वी सहा-सात वर्षांच्या मुलांनाही सर्कशीत कामाला लावीत. काहींना आईबापांपासून दूर नेत, शाळा तर नाहीच. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. २०१६ साली बालमजुरीचा कायदा सुधारला, तेव्हा सिनेमा-नाटकांत मुलांना काही अटींवर काम करायला मोकळीक ठेवली, पण सर्कस त्यातून स्पष्टपणे वगळली.

मग सर्कशीत काम करणाऱ्यांची मुले कुठे शिकणार? शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला जवळच्या शाळेत वर्षाच्या मध्येसुद्धा प्रवेश मिळतो. दाखला यायला उशीर झाला तरी शाळा नाही म्हणू शकत नाही. ही सोय सर्कशीतल्या मुलाला आहे, डोंबाऱ्याच्या मुलाला आहे, ऊसतोडीला आलेल्याच्या मुलालाही आहे. असे मूल चार महिन्यांसाठी आपल्या वर्गात आले, तर त्याला "कोलांटी मारून दाखव" असे आधी म्हणू नका. आधी बस्करावर जागा करून द्या आणि वही दाखवा. कोलांटी ते आपणहून दाखवील.

९. पाहणाऱ्याचे काम

सर्कस बदलली ती पाहणारे बदलले म्हणून. आपण ज्याला टाळी देतो ते रिंगणात वाढते. म्हणून हे लक्षात ठेवा:

पकडणाऱ्यालाही टाळी द्या.
कोणी चुकले, पडले तर हसू नका. ते उठून परत चढले, की जोरात टाळ्या वाजवा.
विदूषकाला ठेंगू म्हणून चिडवू नका. इतरांची तयारी चालू असताना सारा तंबू सांभाळणे हे त्याचे काम आहे.
उडी चालू असताना शिट्टी मारू नका, बॅटरीचा झोत टाकू नका.
घरी येऊन झाडावरून किंवा गंजीवरून उलटी उडी मारू नका. हौस असेल तर गुरुजींच्या देखरेखीखाली सतरंजीवर साध्या कोलांटीपासून सुरुवात करा. आपला मल्लखांबही आहेच.

स्वाध्याय

१) सर्कशीचे रिंगण गोल का असते?
२) दोरी १ मीटर असताना झुल्याच्या ३० फेऱ्यांना किती सेकंद लागतील?
३) झुल्यावरचे दोघे पंजा न धरता मनगट का धरतात?
४) घरातल्या मोठ्या माणसांनी लहानपणी पाहिलेल्या सर्कशीत काय होते आणि आता काय नाही, ते विचारून पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.