मंजूर म्हणजे साहेबांकडून मंजूर

२०२२ च्या जानेवारीत आमच्या आमदारांचा कार्यअहवाल पेपरात घालून घरी आला. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हात जोडलेला फोटो, मागच्या पानावर रुग्णवाहिकेपासून वीज कंपनीपर्यंतचे फोन नंबर. चौदाव्या पानावर, तिसऱ्या ओळीत आमची गल्ली होती. लेआउटचं नाव, गल्लीचा नंबर, ‘पावसाळी नाली व सिमेंट रस्ता’, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : मंजूर.

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘मंजूर’ हे विशेषण आहे, क्रियापद नव्हे. वर्गात एखाद्या पोरानं असं अर्धं वाक्य लिहिलं असतं तर मी विचारलं असतं, ‘कर्ता कुठंय रे? कोणी मंजूर केलं? केव्हा?’ पण घरी मी हिला हाक मारली आणि म्हटलं, ‘आली बरं आपली नाली!’

आमचं लेआउट शहराच्या दक्षिणेकडचं. नागपुरात ‘५७२’ किंवा ‘१९००’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. शेतजमिनीचे प्लॉट पाडून विकलेल्या अनधिकृत लेआउटांच्या या संख्या, ना रस्ता, ना नाली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ती नियमित करण्याची सोय झाली आणि तेव्हापासून ‘डिमांड (नियमितीकरणाची रक्कम) भरली का’, ‘आरएल (नियमित झाल्याचं पत्र) निघाली का’ हे आमच्याकडे ‘जेवलात का’ इतक्या सहज विचारलं जातं. आमची आरएल निघाली होती. नाली तेवढी राहिली होती.

आता चूक सांगतो. घराचं जोतं दीड-दोन फूट उचलून घ्यायचं आमचं ठरलं होतं. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला होता, सळाखीचा भावही ठरला होता. अहवालातली ओळ वाचून मी काम थांबवलं. कारण वरवर पाहता शहाणपणाचं होतं. नागपुरात सिमेंट रस्ते झाले तेव्हा कित्येक गल्ल्यांत रस्ता वर गेला आणि घरं खड्ड्यात राहिली. त्यामुळं रस्त्याची लेव्हल आधी कळू दे, मग जोतं उचलू, असा हिशेब. मिस्त्री म्हणाला, ‘सर, रस्ता येईल तवा येईल, घर तर आज आहे नं?’ मी त्याला अहवालाचं पान दाखवलं. त्यानं ते लांबून पाहिलं आणि बिडी पेटवली.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. नगरसेवक गेले, प्रशासक आले आणि निवडणुका पुढं ढकलल्या जात राहिल्या. आधी पाणी तुंबलं की नगरसेवकाच्या घरासमोर जाऊन ओरडता यायचं. मग दिवाबत्तीपासून डुकरांपर्यंत सगळं गाऱ्हाणं आमदारांच्या कार्यालयात जाऊ लागलं. मीही गेलो एकदा, नालीसाठी. तिथल्या मुलानं आदरानं खुर्ची दिली, चहा दिला आणि आमदारांच्या सहीचं शिफारसपत्र दोन प्रतींत माझ्या हातात ठेवलं. पत्र ते पाठवतील आणि हे आपल्या माहितीसाठी, अशी मी समजूत करून घेतली. नंतर कळलं की पत्र ज्या कार्यालयाच्या नावे होतं तिथं ते मीच नेऊन द्यायचं होतं, एका प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा होता. दोन्ही प्रती माझ्या झोल्यात, पेन्शनच्या पासबुकाशेजारी, सव्वा वर्ष सुखानं पडून होत्या. यात आमदारांचा काही दोष नाही आणि त्या मुलाचाही नाही. मी विचारलंच नाही.

मग २०२३ चा सप्टेंबर. २२ तारखेच्या रात्री पाऊस लागला. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. २३ ला, शनिवारी, उजाडता उजाडता अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, सीताबर्डीपर्यंत पाणी शिरलं, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. शहरात माणसं दगावली. त्या मानानं आमचं काहीच नाही. आम्ही नदीपासून लांब, पण आमच्या मागचा नाला उलटा वाहायला लागला. पहाटे चारला पाय खाली ठेवला तो गुडघाभर पाण्यात. फ्रिज, गाद्या, खालच्या कप्प्यातली पुस्तकं गेली. आरएलची मूळ प्रत पिशवीत होती म्हणून वाचली. अंधारात पलंगावर बसून ही म्हणाली, ‘काहून जी, तुमचं ते मंजूर आलं का पाण्यासोबत?’

दुसरी चूक लगेच झाली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मदत जाहीर केली : घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला ५० हजारांपर्यंत, टपरीला १० हजार. आमदारांच्या कार्यालयाकडून तो निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मी वाचला, खाली हात जोडल्याची खूण टाकली आणि घराला कुलूप लावून हिला वर्ध्याला मुलीकडे घेऊन गेलो. पंचनाम्याची माणसं आली तेव्हा आमच्या दाराला कुलूप. ज्या शेजाऱ्यांच्या घरी माणूस होता, त्यांची नावं यादीत लागली. मला वाटलं होतं, जाहीर झालं म्हणजे खात्यात येईल.

गाद्या वाळल्यावर मी तो जुना अहवाल काढला आणि थेट आमदारांच्या कार्यालयात गेलो. या वेळी पीए स्वतः भेटले. चौदावं पान पुढं केलं. त्यांनी चष्मा वर केला, ओळ वाचली आणि अगदी सरळ मनानं सांगितलं, ‘सर, मंजूर म्हणजे साहेबांकडून मंजूर. पुढचं कलेक्टर ऑफिसात असते नं.’

त्या एका वाक्यात मला ३४ वर्षांच्या नोकरीत न सापडलेला धडा सापडला. तेव्हापासून मी लेआउटातल्या लोकांना अहवाल वाचायला शिकवतो. शिकवणं सुटत नाही, काय करणार.

आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, पण तो आमदाराच्या हातात येत नाही. आमदार काम सुचवतो. ज्या यंत्रणेनं काम करायचं ती अंदाजपत्रक बनवते, अभियंता तांत्रिक मान्यता देतो, जिल्हाधिकारी प्रशासकीय मान्यता देतात, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, ज्याला सगळे वर्कऑर्डर म्हणतात. नारळ फुटतो तो यातल्या कुठल्याही पायरीवर फुटू शकतो. वर्कऑर्डरच्या आधी झालेली भूमिपूजनं मी मोजायची सोडून दिली. म्हणून अहवाल हातात आला की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक कामापुढच्या शब्दाभोवती गोल करा. ‘मागणी केली’ याचा अर्थ पत्र गेलं, इतकाच. ‘प्रस्तावित’ म्हणजे कोणाच्या तरी मनात आहे. ‘तत्त्वतः मान्यता’ ऐकायला फार भारदस्त, पण तिच्यात पैसा नसतो. ‘प्रगतिपथावर’ हा शब्द दिसला की गल्लीत जाऊन गिट्टी पडली आहे का ते डोळ्यांनी पाहा. आणि नुसतं ‘मंजूर’ दिसलं तर तीन गोष्टी विचारा : कोणी केलं, आदेशाचा क्रमांक काय, तारीख कोणती. क्रमांक असेल तर तो दोन मिनिटांत मिळतो. नसेल तर ‘पाहून सांगतो’ मिळतं.

मी स्वतः माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, कामाचं नाव लिहिलं आणि प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत मागितली. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर लागतो. मराठीच्या मास्तरला हा नियम फार जड गेला. ‘नाली का झाली नाही’ असं विचारायचं नाही, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागायचा. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तसं ते आलं : काम यादीत आहे, अंदाजपत्रक प्राप्त नाही. म्हणजे दोन वर्षं मी ज्या नालीची लेव्हल पाहत बसलो होतो, तिचं साधं मापही कोणी घेतलं नव्हतं. आणि माप घेण्याबद्दलचं पत्र माझ्या झोल्यात होतं!

आमदारांच्या कार्यालयात जाताना आता आम्ही एक पान नेतो. एक मागणी, एक गल्ली, खाली पंधरा-वीस सह्या, त्यांत बायकांच्या निम्म्या, कारण घरात शिरलेलं पाणी उपसतात त्याच. तीन प्रती. शिफारसपत्र मिळालं की ‘हे तुम्ही पाठवणार की आम्ही?’ हा पहिला प्रश्न. मग त्याच दिवशी ते संबंधित कार्यालयात, आणि आवक क्रमांक वहीत. ‘संबंधित’ म्हणजे कोण, हेही नागपुरात विचारून घ्यावं लागतं. काही लेआउट महापालिकेकडे, काही सुधार प्रन्यासकडे, शहराच्या हद्दीबाहेर गेलात की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. तुमची आरएल कोणी दिली आणि तुमचा कर कोण घेतं, हे दोन कागद सोबत असले की निम्मी फेरी वाचते.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचंही तसंच. डिसेंबरात विधानभवन गजबजतं, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि आपल्यालाही वाटतं की आता साहेबांना गाठून प्रश्न लावू. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. तुमच्या लेआउटचा प्रश्न सभागृहात जावा असं वाटत असेल तर दिवाळीच्या फराळाला जा, मोर्चाच्या दिवशी नव्हे. प्रश्न लागला तर मंत्र्यांचं लेखी उत्तर मिळतं आणि ते छापील उत्तर पुढच्या प्रत्येक टेबलावर कामी येतं.

अहवालाच्या मागच्या पानांवर योजना असतात. तिथं एवढंच सांगतो की अर्ज आणि पत्र यांत गल्लत करू नका. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंनी लाडक्या बहिणीच्या अर्जाचे एका माणसाला ३०० रुपये दिले, कारण तो ‘साहेबांचा माणूस’ म्हणाला. अर्ज फुकट होता, अंगणवाडी सेविका भरून देत होत्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी लोक आधी आमदारांच्या पत्राला धावतात आणि पेशंट पाण्यासारखा पैसा घालून भरती झालेला असतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आधी त्याला गाठा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन.

आणि घरात पाणी शिरलं तर उपसायच्या आधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, मीटर, दारावरचा घरनंबर, सगळं फोटोंत यावं. घरी कोणीतरी थांबा. जावंच लागलं तर शेजाऱ्याकडे वीजबिल आणि पासबुकाची झेरॉक्स ठेवून जा. पंचनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी नाव वाचा, पासबुकावर ‘रा.’ आणि यादीत ‘रामभाऊ’ असं झालं तर पैसे नावापाशीच अडतात.

आमच्या मिस्त्रीनं अखेर जोतं उचललं, दोन फूट. सळाखीचा भाव तोवर वाढला होता. त्यानं तोंडानं काही म्हटलं नाही, फक्त माप घेताना भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर टेप धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

यंदाचा अहवाल आला आहे. आमची गल्ली आता नवव्या पानावर आहे आणि पुढं लिहिलंय, ‘निविदा प्रक्रियेत’. मी पेन्सिलनं गोल केला आणि पीएंना फोन लावला. निविदेचा क्रमांक विचारला. ते म्हणाले, ‘सर, पाहून सांगतो.’ मी म्हटलं, ‘थांबतो जी, फोन चालू ठेवा.’ मागं कपाट उघडल्याचा, फायली सरकवल्याचा आवाज आला. मी वही उघडून बसलो.