टाक ते पीस, असं म्हणण्याआधी

आईबाबांनो,

पावसाळा सरत आला की मुलांच्या खिशांतून, कंपासपेट्यांतून पिसं निघायला लागतात. कावळ्याचं काळंभोर, पारव्याचं राखाडी, आजोळहून आणलेलं कोंबड्याचं आणि नशीब जोरावर असेल तर मोराचं. आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "शी! टाक आधी ते, घाण असतं." त्या वाक्याविषयीच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमची काळजी रास्त आहे, पण ती साबणाने मिटते. पीस हाताळून झालं की हात स्वच्छ धुवायचे, ते तोंडात घालायचं नाही आणि मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला कधीही हात लावायचा नाही. एवढे नियम घालून द्या आणि पाच मिनिटं मुलाशेजारी बसा.

कावळ्याच्या पंखातलं एखादं लांब पीस घ्या. मधली दांडी खालच्या टोकाला पोकळ असते; म्हणून पीस मजबूतही आणि हलकंही. दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक अरुंद आणि एक रुंद. उडताना अरुंद बाजू पुढे राहते आणि वारा कापते. एवढं कळलं की "हे डाव्या पंखाचं की उजव्या?" हे कोडं मूल स्वतःच सोडवू लागतं. आता रुंद बाजूचे धागे बोटांनी अलगद विलग करा. फट पडेल. मग दांडीकडून कडेकडे बोटांच्या चिमटीत धरून हळूच ओढा. फट बुजते! प्रत्येक धाग्याला त्याहून बारीक तंतू असतात आणि त्यांना सूक्ष्म आकडे. ते जाकिटाच्या चेनसारखे एकमेकांत अडकतात. पक्षी चोचीने पिसं साफ करताना दिसतो, तेव्हा तो दिवसभरात सुटलेले हे आकडे पुन्हा बसवत असतो. वर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो टपकन घरंगळतो.

मूल विचारेल, "पीस पडलं तेव्हा त्याला दुखलं का?" उत्तर द्या: आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याच जातीच्या द्रव्याचं पीसही बनतं. पूर्ण वाढलेलं पीस जुनं झालं की आपोआप गळतं आणि त्या जागी नवं येतं. बहुतेक पक्षी पंखांतली पिसं एकदम गाळत नाहीत. दोन्ही बाजूंची थोडीथोडी, जोडीजोडीने गळतात, म्हणजे उडताना तोल जात नाही. मोराचा पिसारा विणीचा हंगाम संपल्यावर, पावसाळ्याच्या अखेरीस झडू लागतो.

मोरपिसाची तर बातच निराळी. वहीत ठेवलं की त्याला पिल्लू होतं, पेन्सिलीचा भुगा त्याला खाऊ म्हणून घालायचा, हे तुम्हीही केलं असेल. मुलाला ते करू द्या आणि जोडीला आणखी एक गंमत दाखवा. मोरपीस उन्हात तिरकं करत गेलात की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा सोनेरी होतो. मग तेच पीस डोळे आणि प्रकाश यांच्यामध्ये धरा, ते तपकिरी दिसेल. त्यात निळा रंग मुळी नाहीच. आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, तेव्हा तो रंग दिसतो. पुढे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे येईल, तेव्हा मुलाच्या हाताला ते आधीच ओळखीचं असेल.

मग आजूबाजूला पिसं शोधायला सांगा. वासुदेवाची टोपी मोरपिसांची. दर्ग्यात डोक्यावरून फिरवतात तो कुंचा मोरपिसांचा. बॅडमिंटनच्या अस्सल फुलात हंसाची किंवा बदकाची 16 पिसं असतात आणि ती एकाच बाजूच्या पंखातली घेतात, नाहीतर फूल सरळ जात नाही. डाव्या-उजव्याचं मघाचं कोडं इथेही उपयोगी पडलं.

आता मुलाशी बोलायलाच हवी अशी एक गोष्ट. गळलेलं पीस आणि उपटलेलं पीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे लावण्याची टूम निघाली होती. हे तलम तुरे बगळ्यांना विणीच्या काळात येतात. त्यामुळे घरट्यात पिल्लं असतानाच आईबाप मारले जात आणि पिल्लं उपाशी मरत. आपल्या देशातूनही असा माल जाई. 1902 मध्ये भारतातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. आज मोर हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून बाजारात मोरपिसांची जुडी दिसली की थांबा आणि ती कुठून आली असेल, हे मुलासमोर मोठ्याने विचारा. अभयारण्यात पीस सापडलं तर बघायचं, चित्र काढायचं आणि जागच्या जागी ठेवायचं. जी वस्तू आवडते ती आपल्या मालकीची व्हायलाच हवी असं नाही, हा धडा इतक्या सहज दुसरीकडे मिळणार नाही.

बाबालोकांसाठी एक खास गोष्ट. माळरानावर राहणाऱ्या पखुर्डीच्या जातीत नर पाणवठ्यावर जाऊन पाण्यात बसतो. त्याच्या पोटाची पिसं पाणी शोषून घेतात. मग तो तसाच भिजल्या अंगाने लांबवर उडत पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्या पिसांतून पाणी पितात. ही गोष्ट आज रात्री बाबानेच सांगावी.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं बालपण आठवा. मुंबईतल्या या मुलाला छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, एवढाच त्याचा प्रश्न होता. काकांनी त्याला झिडकारलं नाही, चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी तर ओळखलीच, पण कपाटं उघडून संग्रहातले कितीतरी पक्षी त्याला दाखवले. दोन मोठ्या माणसांनी एका मुलाचा प्रश्न मनावर घेतला.

आपलं प्रत्येक मूल पक्षितज्ज्ञ होणार नाही, व्हायलाही नको. पण आपण आणलेली क्षुल्लक वस्तू आईबाबा निरखून बघतात, हा विश्वास त्याला हवाच. आज पीस दाखवायला निःशंक येणारं मूल उद्या मनातली अडचणही घेऊन येईल. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो, निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात एका सकाळी मोबाइल घरी ठेवा, मुलाचं बोट धरा आणि जवळच्या तळ्यावर किंवा बागेत जा. त्याला पीस सापडलं की आधी त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं, कुणाचं असेल?" आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.