मैदानावरचा पहिला तास : मुलांना खेळ शिकवायला शिकताना



आपल्या संस्थेत मुलांच्या अभ्यासाविषयी पुष्कळ बोलले जाते. वह्यांचे वाटप होते, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार होतात. हे झालेच पाहिजे. परंतु त्याच मुलांचे संध्याकाळचे पाच ते सात हे दोन तास कोणाच्या हाती असतात, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. ज्या वस्तीत एखादा माणूस मैदानावर वेळेवर येऊन उभा राहतो, तेथे ते तास खेळाच्या हाती जातात. जेथे असा माणूस नसतो, तेथे ते कोणाच्याही हाती जातात.

असा माणूस कसा तयार होतो, हा या लेखाचा विषय आहे. मी व्यवसायाने क्रीडा शिक्षक नाही. बँकेत लिपिक आहे. कॉलेजात असताना खो-खो खेळलो, तेवढीच पुंजी. साताऱ्यात नेमणूक असताना वस्तीतल्या मुलांना शिकवू लागलो, पुढे सांगलीला बदली झाली तेव्हा तेथेही शिकवत राहिलो. या काळात एक गोष्ट पक्की समजली. खेळता येणे आणि खेळ शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली येते म्हणून दुसरी आपोआप येत नाही. मला ती एका मुलाचे नुकसान करून शिकावी लागली, म्हणून आधी ते सांगतो.

माझी चूक

साताऱ्यातील गोष्ट. माझ्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा येत असे. अंगाने जाड, धावायला मंद, पण रोज सगळ्यांच्या आधी हजर. चुना टाकायला, खांब पुसायला तोच पुढे. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या आणि मला संघ जिंकायला हवा होता. एकदा त्याने खो द्यायला उशीर केला आणि समोरचा गडी सुटला. मी सर्वांदेखत म्हणालो, "तुझ्यामुळे डाव जातो. तू बाहेर बस." मुले हसली. मीही हसलो.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवड्याने त्याची आई पासबुक भरून घ्यायला बँकेत आली. मी चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, "सर, पाच वाजलं की त्याच्या पोटात दुखाय लागतंय. डॉक्टरला दाखवलं, काय निघालं न्हाई."

काय दुखत होते ते मला काउंटरवर उभ्या उभ्या समजले. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. तो माझ्याशी नीट बोलला, पण मैदानावर परत आला नाही. आमचा संघ त्या वर्षी दुसऱ्या फेरीत हरला. तो निकाल आज कोणाला आठवतही नाही. त्या मुलाचा सुटलेला खेळ मला आठवतो.

तेव्हापासून मी माझ्या कामाचे माप बदलले. नवशिक्या मुलांच्या मार्गदर्शकाची पहिली कसोटी म्हणजे मूल उद्या परत येते की नाही. बाकी सर्व त्यानंतर.

आधी पाहायला शिकावे

फलटण तालुक्यात सरडे नावाचे गाव आहे. तेथील शेतमजूर आई-वडिलांचा मुलगा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकत होता. शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याच्यातील गुण हेरले, त्याला धावण्याच्या सरावाला लावले, त्याच्या खाण्यापिण्याकडेही लक्ष दिले. पुढे तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तेथे धावपटूचा तिरंदाज झाला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने भारताचे प्रतिनिधित्व केले.

या हकिकतीत आपल्यासारख्यांनी काय घ्यावे? गावातल्या शिक्षकाने त्याला धनुष्य दिले नव्हते. त्यांनी मूल नीट पाहिले, त्याला पळते ठेवले आणि आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्याकडे वेळेवर पाठवले. पाहणे, टिकवणे, पाठवणे, एवढे तीन शब्द पाठ केले तरी मार्गदर्शकाचे अर्धे शिक्षण झाले. शिवाय लहानपणी एकाच खेळाला जुंपण्याची घाई करू नये हेही यातून कळते. धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे या पाच गोष्टी ज्याच्या अंगात मुरल्या, तो पुढे कोणत्याही खेळाकडे वळू शकतो.

खुद्द सातारा शहरात प्रवीण सावंत यांच्या मार्गदर्शनाखाली अदिती स्वामी तिरंदाजी शिकली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी कंपाऊंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांत जगज्जेता ठरलेला नागपूरचा ओजस देवतळे हाही साताऱ्यात त्यांच्याकडेच शिकत होता. चांगला शिकवणारा असेल तर मुले नागपूरहून साताऱ्याला येतात.

तासाचा हिशेब

आता प्रत्यक्ष मैदानावर येऊ. मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेबाने सांगतो.

समजा वीस मुले आहेत आणि सरावासाठी तीस मिनिटे आहेत. आपण त्यांची एक रांग केली. प्रत्येकाच्या खेपेला पंधरा सेकंद लागतात. म्हणजे एका मुलाची पाळी पाच मिनिटांनी येणार. अर्ध्या तासात त्याला सहा खेपा मिळतील, म्हणजे एकूण दीड मिनिट खेळ आणि साडेअठ्ठावीस मिनिटे उभे राहणे. मग आपण ओरडतो की मुले मस्ती करतात.

आता त्याच वीस मुलांच्या पाच-पाचच्या चार रांगा करा. पाळी सव्वा मिनिटाने येईल, चोवीस खेपा होतील आणि सहा मिनिटे खेळ मिळेल. मैदान तेच, मुले तीच, वेळ तीच, खेळ चौपट. रांगेऐवजी सगळ्यांनी एकदम खेळायचा लहान खेळ घेतला, तर आणखी जास्त. नवीन मार्गदर्शकाने रोज घरी गेल्यावर हा ताळेबंद मांडावा.

एका तासाची विभागणी मी साधारण अशी करतो :

१. पहिली दहा मिनिटे शिवणापाणी किंवा साखळीसारखा पळापळीचा खेळ. अंग गरम होते आणि उशिरा येणाऱ्यालाही सामील होता येते.

२. पुढची पंधरा मिनिटे एखादे कौशल्य, लहान गटांत.

३. नंतर पंचवीस मिनिटे खेळ. मैदान लहान, गडी कमी, नियम थोडे.

४. शेवटची दहा मिनिटे सावकाश चालणे, अंग ताणणे, पाणी आणि दोन शब्द. घरी जाताना प्रत्येक मुलाचे नाव एकदा तरी आपल्या तोंडून गेलेले असावे.

एका वेळी एकच गोष्ट

खो-खो आपल्या मातीतला खेळ. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. मोठ्यांना सोपा वाटणारा हा खेळ नवशिक्या मुलाला मात्र अवघड जातो. उठायचे, दिशा धरायची, मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, पाठीला हात लावून खो म्हणायचे. पाच नियम एकदम सांगितले की मूल गोंधळते आणि बसल्या जागेवरून उठायलाच घाबरते.

म्हणून पहिल्या दिवशी फक्त दोन खांबांमध्ये पळून शिवणे. दुसऱ्या दिवशी पाच जण आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतील आणि एक जण खो देईल. खो ऐकू आला पाहिजे आणि हात पाठीला लागला पाहिजे, एवढेच बघायचे. दिशा चुकली तर त्या दिवशी चुकू द्यावी. तिसऱ्या दिवशी दिशेचा नियम, चौथ्या दिवशी पाटीचा. हूल देणे, खांबावर गडी मारणे, सूर मारणे हे फार पुढचे.

बोलण्याबाबत माझा नियम असा : अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त भाषण नाही. एकदा करून दाखवावे, मग मुलांना करू द्यावे. दुरुस्ती एका वेळी एकच, तीही जवळ जाऊन, हळू आवाजात. "कसा बसलास?" यापेक्षा "उजवा पाय थोडा मागे घे, उठायला सोपं जाईल" हे मुलाला उपयोगी पडते. पहिल्या वाक्याने त्याला आपला राग कळतो, दुसऱ्याने त्याला काय करायचे ते कळते.

चुकायला जागा हवी

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्या सर्वांना माहीत आहेत. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते, हे आपण मुलांना सांगत नाही. लाल मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम नवे होते. गावोगावचे फड गाजवलेला पैलवान तेथे एका अर्थी नवशिका होता. मधली चार वर्षे त्यांनी शिकण्यात घालवली. सहाव्या क्रमांकाला अपयश म्हणून कोणी त्यांना "बाहेर बस" म्हटले असते तर?

नवशिक्याची चूक हा त्याचा गुन्हा नसून आपल्यासाठी ती माहिती असते. दहापैकी आठ मुले तीच चूक करत असतील, तर शिकवण्यात आपले चुकले आहे असे समजावे.

मैदानाच्या कडेची मुले

सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना आपल्या मोठ्या भावाला खेळताना पाहून क्रिकेटकडे वळली. मुळात उजव्या हाताची असून ती डावखुरी फलंदाजी शिकली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात निवडली गेली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा ती उपकर्णधार होती.

आपल्या प्रत्येक मैदानाच्या कडेला कोणाची ना कोणाची धाकटी बहीण उभी असते. भावाची चप्पल सांभाळते, बाहेर गेलेला चेंडू आणून देते. तिला आत बोलावणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. तसेच जाड मूल, लाजाळू मूल, चष्मा असलेले मूल, बूट नसलेले मूल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वर्गापासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले होते. ते कोणी कोणाला आणि का बसवले, हे आपल्याला सांगावे लागत नाही. ज्या समाजाला बाजूला बसवण्याचा अर्थ ठाऊक आहे, त्याने आपल्या मैदानावर कोणत्याही कारणाने कोणा मुलाला बाजूला बसवू नये. मी ते एकदा केले आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

जबाबदारी

मूल आपल्या ताब्यात असते तेव्हा त्याच्या देहाची जबाबदारीही आपली. काही गोष्टी प्रत्येक मार्गदर्शकाला माहीत असाव्यात.

मैदान आधी स्वतः चालून पाहावे. काच, दगड, खिळे उचलावेत. उन्हाळ्यात सराव ऊन उतरल्यावरच घ्यावा आणि मुलांना मध्ये मध्ये पाणी पाजावे. पाणी मागणे म्हणजे नाजूकपणा, ही जुनी समजूत घातक आहे. जुलाब-उलटीने अशक्त झालेल्या मुलासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असावे. अशा मुलाला त्या दिवशी खेळवू नये.

डोक्याला मार लागलेले मूल कितीही "बरं वाटतंय" म्हणाले तरी त्या दिवशी परत खेळत नाही. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे दिसले तर थेट दवाखाना. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले तर तो कामचुकारपणा समजू नये. पळणे-उड्या कमी कराव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे.

कोणत्याही मुलाला किंवा मुलीला एकटे थांबवून घेऊ नये. पकड किंवा बैठक दाखवताना हात लावायचा असेल तर विचारून आणि सर्वांसमोर. मुली असतील तेथे एखादी आई किंवा ताई उपस्थित असावी. मुलांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा कायदा २०१२ पासून आहे, आणि अशी घटना कळली तर ती पोलिसांना कळवणे कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मैदानावरच्या प्रत्येक मुलाला पाठ असावा.

शिकावे कोठे?

ज्यांना यातच पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवत आहे. तिचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. कला शाखेच्या आपल्या अनेक मुला-मुलींना पदवीनंतर काय करावे हा प्रश्न पडतो. त्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा.

परंतु पहिली पायरी घराजवळच आहे. एखाद्या चांगल्या क्रीडा शिक्षकामागे महिनाभर नुसते उभे राहावे. तो कधी बोलतो, कधी गप्प बसतो, हे वहीत लिहावे. प्रथमोपचार शिकून घ्यावा. मग दहा मुले घेऊन आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, एक तास. पावसाळ्यातही आपली वेळ चुकू देऊ नये. मैदान ओले असेल तर आडोशाला बसून नियम समजावून सांगावेत.

आपल्या संस्थेने येत्या वर्षात कॉलेजातील दोन मुलगे आणि दोन मुली निवडून त्यांना या कामासाठी तयार करावे, अशी माझी सूचना आहे. खर्च फारसा नाही. चार शिट्ट्या, थोडा चुना, दोन दोऱ्या, प्रथमोपचाराची एक पेटी आणि हजेरीची एक वही पुरे.

ती वही मात्र नीट ठेवावी. माझ्या वहीत जिंकलेल्या सामन्यांची नोंद नाही. कोण आले आणि कोण आले नाही, एवढेच लिहिलेले असते. सलग तीन दिवस एखाद्या नावापुढे फुली पडली की मी चौथ्या दिवशी त्या घरी जातो.