देवाशी भांडायलाही घरात जागा ठेव

अमरावती,
आश्विन वद्य सप्तमी

चि. सौ. छकुलीस,


परवा फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. तुझा मोठा मुलगा आता संध्याकाळच्या प्रार्थनेला बसत नाही. आजोबांनी हाक मारली तर म्हणतो, "श्रावनात देवाले पानी वाहलं ना आमी, मंग काका काऊन गेले?" आणि आजोबा म्हणतात, देवाबद्दल असं बोलू नये. तू दोघांच्या मधे. कोणाची बाजू घेऊ, असं तू विचारलंस.

मुलाची घे. सासऱ्यांना न दुखावता घे, पण मुलाचीच घे.

शेवटच्या श्रावण सोमवारी अकोल्याची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणतात, रात्रभर अठरा किलोमीटर चालतात आणि राजराजेश्वराला वाहतात. यंदा तुझा मोठा पहिल्यांदाच गेला आणि तोही काकाबरोबर. वाटेत तळपायाला फोड आला तेव्हा काकाने त्याला रस्त्याच्या कडेला बसवलं आणि आपला रुमाल फाडून पट्टी बांधली, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. पुढे महिना उलटायच्या आत त्याच काकाने आपला जीव दिला. बारा वर्षांच्या मुलाने आपल्या बाजूचं सगळं केलं होतं. आता तो देवाच्या बाजूचं विचारतो आहे. त्यात मला कुठेही उर्मटपणा दिसत नाही.

आणि सासऱ्यांचंही समजून घे. गेला तो त्यांचा धाकटा मुलगा होता. चाळीस वर्षं त्यांनी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची टोपी घालून गावोगाव प्रार्थना चालवल्या, अनेकांच्या दारी दुःखात धीर द्यायला गेले. नातवाच्या तोंडून तो प्रश्न आला तेव्हा त्यांना दरडावावंसं वाटलं, कारण तोच प्रश्न त्यांच्याही छातीत अडकलेला असणार. एकदा का तो घरात मोकळा झाला, तर आपल्यालाही विचारावा लागेल, याची त्यांना धास्ती वाटत असेल. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस.

तेराव्याला आलेल्या कोणीतरी जावईबापूंना गाडगेबाबांचा दाखला दिला, हे मी तिथे बसून ऐकलं. १९२३ साली बाबा कोकणात कीर्तन करत होते. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कीर्तनातच आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. "तसं घट्ट राहा," असं त्या माणसाने जावईबापूंना सांगितलं. बाबा आपल्या मातीतले, शेंडगावचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे हे तुला वेगळं सांगायला नको. पण बाबांनी स्वतःसाठी जे केलं ते दुसऱ्याच्या दुःखावर ठेवायचं वजन नाही. गोविंदाची आई कुंताबाई हिने त्या दिवसांत काय भोगलं, हे दाखला देणारा कधीच सांगत नाही. जावईबापू तेव्हापासून रडलेले नाहीत, असं तू म्हणालीस. त्यांना घट्टपणाची गरज नाही, तो त्यांच्यात गरजेपेक्षा जास्त साठला आहे.

मला तुला वेगळ्याच एका घराची गोष्ट सांगायची आहे. तेही आपल्या वऱ्हाडातलंच घर. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगावराजा तालुक्यात मेहुणाराजा म्हणून गाव आहे; परंपरा त्याला चोखोबांचं जन्मगाव मानते. चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि तिचा नवरा बंका, या पाचही जणांचे अभंग आज आपल्यापर्यंत आले आहेत. एका घरातली पाच माणसं आणि पाचही जण देवाशी बोलणारी, अशी घरं फार थोडी. पण मला ओढ वाटते ती त्यांच्या बोलण्यातल्या फरकाची. सगळे एकाच सुरात बोलत नाहीत. चोखोबांच्या शब्दांत कळवळा आहे, दाराबाहेर उभं राहिल्याची वेदना आहे, तरी नम्रता सुटत नाही. सोयराबाई विटाळावर बोलते तेव्हा रोखठोक प्रश्न विचारते. आणि कर्ममेळा सरळ रागावतो. वाट्याला आलेल्या हीनपणाचा, उष्ट्याचा आणि अपमानाचा जाब तो विठ्ठलालाच विचारतो, तोही अगदी एकेरीत. आईवडिलांची भक्ती त्याने घरात रोज पाहिली होती, तरी त्यांच्यासारखी नम्रता त्याने उसनी आणली नाही.

आता बघ, हे अभंग कोणी पुसून टाकले नाहीत. ते सकलसंतगाथेत आहेत. चोखोबांच्या विनवणीला जागा मिळाली तशी मुलाच्या संतापालाही मिळाली. देवाला असं बोलू नये, हा नियम वारकऱ्यांनी पाळला असता तर कर्ममेळा आपल्याला माहीतच झाला नसता. त्यांचं दुःख आणि आपलं दुःख एका मापाचं नाही, हेही मनात ठेव. त्यांच्यावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला होता. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, पण त्यांच्या समाजाला त्या दारातून आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. कर्ममेळ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हयातीत आलं नाही. तरी त्याने विचारलं, आणि ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं. तुझा मुलगा आज तुला विचारतो, आजोबांना विचारतो. त्याला एवढंच कळू दे, की हे देवालाही विचारता येतं आणि घरातलं कोणी त्याला अडवणार नाही.

चोखोबांच्या घराची आणखी एक कथा आहे, ती तुझ्या जावेसाठी ध्यानात ठेव. सोयराबाईचं बाळंतपण जवळ आलं आणि चोखोबा घर सोडून बहिणीकडे निघून गेले. घरात ती एकटी. कथा सांगते, की विठ्ठल निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्याने नणंद होऊन तिचं सगळं केलं, पाणी तापवलं, न्हाऊमाखू घातलं. तिकडे खऱ्या निर्मळेने भावाला फैलावर घेतलं, की तिला अशा वेळी टाकून आलासच कसा. संताची कथा म्हणून हा भाग कोणी गाळला नाही. बायकोला अवघड वेळी एकटं टाकून गेलेल्या नवऱ्यावर तिची तक्रार असणारच, आणि त्याची सख्खी बहीणही तिच्या बाजूने बोलते.

तुझी जाऊ नवऱ्याबद्दल एक शब्द बोलत नाही, असं तू सांगितलंस. सोयाबीन पावसात गेलं, कपाशीच्या बोंडात अळी निघाली, सोसायटीचं कर्ज वाढलं, हे सगळं खरं. पण तो तिला आणि दोन लेकरांना मागे ठेवून गेला, याचाही राग तिच्या पोटात असणार. मेलेल्या माणसावर रागवायचं नाही असं आपण बायकांना लहानपणापासून शिकवतो. तो राग मग लेकरांवर निघतो, नाहीतर तिला स्वतःलाच खातो. तिला कोणीतरी सांगायला हवं, की त्याच्यावर तुझं प्रेम होतं आणि त्याचा तुला रागही येतो, दोन्ही देवापुढे बोल. ते तू सांग. आणि नुसतं सांगू नकोस, आठवड्यातून एकदा गावी जा, तिच्या लेकरांना न्हाऊ घाल, तिला दोन तास झोपू दे.

आता प्रार्थनेचं. मोझरीहून परवाच आलो. पुण्यतिथीला तुकडोजी महाराजांच्या देहावसानाच्या वेळी, ४ वाजून ५८ मिनिटांनी, तिथे मौन पाळतात. लाखो माणसं असतात आणि पाखराचा आवाज ऐकू येतो. १९३५ साली महाराजांनी तिथेच गुरुकुंज उभारलं. त्यांनी प्रार्थना सगळ्यांनी मिळून, एका वेळी, एका ओळीत बसून करायला शिकवली. जात विचारली नाही, की पंथ. त्या शिस्तीचा मोठा आधार असतो. ज्या दिवशी आपल्याला शब्द सुचत नाहीत त्या दिवशी ठरलेले शब्द आपल्याला बसवून ठेवतात. म्हणून सासऱ्यांची प्रार्थना आहे तशीच चालू दे. तिला हात लावू नकोस. ती संपली, की उठण्याआधी पाच मिनिटं मागून घे. त्यांच्याकडूनच मागून घे. म्हण, "मामाजी, प्रार्थना झाली की आम्ही दोघं-चौघं आपल्या शब्दांत देवाशी बोलावं म्हणतो, तुम्ही बसाल ना?" ते नाही म्हणणार नाहीत. पुढे एखाद्या दिवशी त्यांनाच कर्ममेळ्याची गोष्ट मुलांना सांगायला लाव. त्यांना ती माझ्याहून चांगली माहीत आहे.

सुरुवात मुलांपासून करू नकोस, मोठ्यांनी आधी बोलायचं. तू किंवा जावईबापू. एकच वाक्य बोला, तेही आपल्या घरच्या बोलीत. पुस्तकी भाषेत रडू अडतं. "देवा, त्या दिवशी त्याचा फोन आला होता अन्‌ म्या उचलला नाही, हे माह्या मनातून जात नाही." हे वाक्य जावईबापूंनी तुला रात्री अंधारात सांगितलं होतं. तेच त्यांनी देवापुढे म्हटलं, तर मुलाला पहिल्यांदा कळेल, की बापाच्याही आत काही जळतं आहे. मुलं रागावतात त्याचं अर्धं कारण हेच असतं, की घरात आपल्या एकट्यालाच त्रास होतोय असं त्यांना वाटतं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. देवाच्या आडून एकमेकांना बोलू नका. "देवा, याला सुबुद्धी दे," "देवा, हिला जरा समज दे," असली वाक्यं मी घराघरांत ऐकली आहेत. ती माणसाला मारलेले टोमणे असतात, आणि मुलांना ते लगेच कळतं. ज्याने त्याने स्वतःपुरतं बोलायचं. कर्जाचे आकडे, जमिनीच्या वाटण्या, जावेने कुठे राहायचं, हे मुलांसमोर काढू नका. त्या गोष्टी तुम्ही दोघांनी वेगळ्या बसून देवाला सांगा आणि मग वहीत लिहून सोडवा.

मोठा बसला नाही तर त्याला ओढू नका. दाराशी उभा राहून ऐकत असला तरी पुरे. आणि ज्या दिवशी तो बोलेल, त्या दिवशी देवाच्या वतीने उत्तर देऊ नका. "त्याचं तेवढंच आयुष्य होतं," "देव चांगल्या माणसांना लवकर नेतो," यातलं काही नको. तो म्हणाला "मले राग आला देवाचा," तर तुम्ही नुसतं ऐका, आणि मग नेहमीसारखं जेवायला वाढ. तुकोबांनी १६३० च्या दुष्काळात बायको आणि मुलगा गमावला, पुढे विठ्ठलाशी किती कडक शब्दांत भांडले ते गाथेत आहे. माझ्या शाळेत एक ख्रिस्ती सहकारी होते. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी स्तोत्रसंहिता वाचत. दीडशे स्तोत्रं आहेत त्यात, आणि त्यांतली कितीतरी देवाला "कुठे आहेस, किती दिवस वाट पाहू" असंच विचारणारी. जिथे जिथे माणसांनी मनापासून प्रार्थना केली, तिथे ही तक्रार आहेच.

धाकटीचं तू काही सांगितलं नाहीस. पाच वर्षांची मुलं अशा वेळी शहाण्यासारखी वागतात आणि मोठी माणसं खूश होतात. तिच्याकडेही बघ. काकाचं चित्र काढायचं असेल तर काढू दे, ते प्रार्थनेच्या जागी ठेव.

प्रार्थनेने सगळं होईल असं मी म्हणत नाही. मोठ्याची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, शाळेतून तक्रारी येत असतील, तर डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस. जावेला मात्र तू समोर बसून स्पष्ट विचार, की तुझ्याही मनात जीव द्यायचं येतं का. विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात. तो तिच्या आणि जावईबापूंच्या दोघांच्याही फोनमध्ये घालून ठेव.

मी रविवारी येतो. जावेच्या मदतीच्या अर्जाला काय काय लागतं ते तहसीलला विचारून ठेव; सातबारा, पंचनाम्याची प्रत आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत काढून ठेव म्हणजे सोमवारी सकाळीच मी आणि जावईबापू जाऊन येऊ. मोठ्याला सांग, मामाआजोबा त्याच्याशी देवाबद्दल काही बोलणार नाही, त्याला राजराजेश्वरापर्यंत चालत यायचं असेल तर सोबत चालेल, नाहीतर नाही.

तुझा,
मामा