रोपांचे अदृश्य सोबती

पावसाळ्यात आपण उत्साहाने वृक्षारोपण करतो; परंतु त्यातील कित्येक रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळून जातात. खड्डा, कुंपण व पाणी यांचा विचार होतो, मुळांभोवतीच्या मातीचा मात्र होत नाही. या मातीतील काही जीवाणू रोपाला पाण्याचा ताण सोसण्यास मदत करतात. ती कशी, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

१) अ‍ॅझोस्पिरिलम हा जीवाणू वाढीस चालना देणारे संप्रेरक तयार करतो. त्यामुळे मुळांना फाटे व केशमुळे अधिक फुटतात आणि दूरची ओल मिळते.

२) काही जीवाणू चिकट द्रव्य सोडतात. त्याने मातीचे कण मुळांना धरून राहतात व ओल टिकते.

३) पाणी कमी पडले की रोपात इथिलीन वायू वाढतो व मुळांची वाढ खुंटते. इथिलीन ज्या पदार्थापासून बनते, तो पदार्थच काही जीवाणू खाऊन टाकतात.

मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या वाळवंटात, धूप झालेल्या जमिनीवर योआव बाशान व सहकाऱ्यांनी शेंगावर्गीय झाडे लावली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जीवाणूंबरोबर थोडे कंपोस्ट व बेताचे पाणीही दिले होते. बोध हाच, की जीवाणू पाण्याची जागा घेत नाहीत. मिळालेल्या पाण्याचे चीज करतात.

म्हणून रोपवाटिकेतच जीवाणू खत द्यावे. पाकिटावरील मुदत पाहावी, ते सावलीत ठेवावे, रासायनिक खतात वा बुरशीनाशकात मिसळू नये. लावलेले रोप जगले, तरच वृक्षारोपण झाले असे म्हणावे.