हप्ता आधी, सण नंतर
(सणासुदीच्या खर्चाचे अंदाजपत्रक)

भाद्रपद सरत आला की प्रत्येक घरात एकच विषय निघतो, यंदा खर्चाचे कसे? मुलांचे कपडे, फराळ, पाहुण्यांचे येणेजाणे, विजयादशमीला दीक्षाभूमीचा प्रवास, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणे, भाऊबीज, एखादी घरात घ्यायची वस्तू. पगार एका महिन्याचा आणि खर्च तीन महिन्यांचा, अशी पगारदार कुटुंबाची अवस्था होते. ऋण काढून सण करू नये, हे आपण सारेच जाणतो. परंतु तसे न करता सण कसा करावा, हे क्वचितच कोणी आकडे मांडून सांगतो. तो प्रयत्न येथे करीत आहोत.

प्रथम आमचीच चूक सांगतो. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या आम्हीही काही वर्षांपूर्वी दसऱ्याला हप्त्यावर टीव्ही घेतला. जाहिरातीत 'बिनव्याजी' असे ठळक लिहिले होते. पहिले दोन हप्ते गेले, दिवाळीही थाटात झाली, आणि त्याच सुमारास मुलीचा बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत आली. हातात पैसे नव्हते. मुलीने काही न बोलता शिष्यवृत्तीतून साठवलेली रक्कम पुढे ठेवली. तिच्या शिक्षणासाठी आलेला पैसा आमच्या हौसेपायी खर्ची पडला, याची खंत आजही आहे. त्या रात्री आम्ही वही उघडली.

आता 'बिनव्याजी' म्हणजे काय ते पाहू. हप्त्यावर वस्तूची किंमत 24,000 रुपये, म्हणजे दरमहा 2,000 चे 12 हप्ते. तीच वस्तू रोखीने 22,000 ला मिळते. शिवाय हप्तेवाल्याकडून सुरुवातीलाच 500 रुपये 'प्रोसेसिंग फी' घेतली जाते. म्हणजे 2,500 रुपये जादा गेले. हिशेब केला तर हा व्याजदर वर्षाला वीस टक्क्यांच्या वर जातो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज असे दडवले जाते, हे ओळखूनच रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकाने बँकांना अशा योजनांबद्दल रोखले होते. नावे बदलतात, म्हणून 'रोखीने कितीला द्याल?' हा प्रश्न दुकानात प्रथम विचारावा. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर याहून महाग. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण वर्षाचे ते 42 टक्के होतात.

आता हाच 2,000 चा हप्ता सणाच्या आधी भरून पाहा. बँकेत 12 महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडले आणि सहा टक्के दर धरला, तर वर्षअखेर 24,000 रुपये मुद्दल आणि जवळजवळ 800 रुपये व्याज हाती येते. हप्ता तोच, महिने तेवढेच. नंतर भरणाऱ्याचे 2,500 गेले, आधी भरणाऱ्याला 800 मिळाले. फरक 3,300 रुपयांचा. एका मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके त्यात येतात.

खाते केव्हा उघडावे? सणांच्या तारखा सरकतात. दसरा 2023 साली 24 ऑक्टोबरला, 2024 साली 12 ऑक्टोबरला आणि 2025 साली 2 ऑक्टोबरला आला. तेव्हा ऑक्टोबरच्या पगारावर विसंबू नये. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाते सुरू केले की पुढील सप्टेंबरात मुदत पुरी होते आणि दसरा केव्हाही येवो, पैसा तयार असतो.

चौघांच्या कुटुंबाचे नमुन्याचे अंदाजपत्रक असे :

कपडे – 7,000
प्रवास – 5,000
फराळ व किराणा – 3,500
घराची डागडुजी – 2,500
भेटी, ओवाळणी – 2,000
दान व वर्गणी – 1,000
अचानक खर्चासाठी – 3,000
एकूण – 24,000

शेवटची रक्कम कोणी वगळू नये. पाहुणा आजारी पडतो, गाडी चुकते. खर्च झाला नाही तर ती पुढच्या वर्षाची पहिली ठेव ठरते. मुलांच्या फीचा पैसा मात्र या यादीत मिसळू नये. त्याचे खाते वेगळे असावे.

बोनसविषयी दोन शब्द. कायद्याने किमान बोनस 8.33 टक्के ठरवला आहे, म्हणजे बाराव्या हिश्शाएवढा. परंतु तो ठरावीक मर्यादेपर्यंतच्या वेतनावर मोजला जातो, पूर्ण पगारावर नव्हे. म्हणून हाती येण्यापूर्वी तो खर्चाला लावू नये. आल्यावर आधी जुने देणे फेडावे. सण अग्रिम म्हणजेही उत्पन्न नव्हे. 2020 साली केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांना 10,000 रुपयांचा बिनव्याजी अग्रिम दिला, तो जास्तीत जास्त 10 हप्त्यांत कापून घेण्याच्या अटीवर. व्याज नसले तरी पुढील पगार तेवढा कमीच येतो.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्तात तथागतांनी गृहस्थाला आय आणि व्यय जाणून, उधळपट्टी व कृपणता दोन्ही टाळून जगण्याचा उपदेश केला आहे. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपले जमाखर्च कळावे. मुलांना नवा सदरा जरूर घ्यावा, फक्त तो कोणत्या पैशातून आला हे वहीत दिसावे.

विद्यार्थ्यांनी हे काम करावे :
1. गेल्या सणात घरात झालेला खर्च आईवडिलांना विचारून वरीलप्रमाणे लिहून काढावा.
2. एकूण रकमेला 12 ने भागून दरमहाचा हप्ता काढावा.
3. घरात हप्त्यावर घेतलेल्या एका वस्तूची रोखीची किंमत विचारून जादा गेलेली रक्कम काढावी.

ही वही घरातल्या सर्वांसमोर एकदा मोठ्याने वाचावी. आमच्या घरी आता ती मुलगीच लिहिते, आणि तिने मांडलेल्या आकड्याबाहेर जाण्याची आमची छाती होत नाही.