इस्त्रीचा दिवा सारखा का विझतो?

प्रश्न: कपडे इस्त्री करताना दिवा मध्येच विझतो, थोड्या वेळाने ‘टक्’ आवाज येऊन पुन्हा लागतो. इस्त्री बिघडली आहे का?

उत्तर: नाही, तुमची इस्त्री उत्तम चालली आहे. तो आवाज थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या स्विचचा. इस्त्रीच्या तळाला चिकटून एक द्विधातूची पट्टी असते. एका बाजूला तापल्यावर बराच पसरणारा धातू, उदाहरणार्थ पितळ. दुसऱ्या बाजूला इन्व्हार, म्हणजे सुमारे ३६ टक्के निकेल असलेले लोखंड, जे जवळजवळ पसरतच नाही. (इन्व्हारसह अशा मिश्रधातूंवरील कामासाठी भौतिकशास्त्रज्ञ गियोम यांना १९२० चे नोबेल मिळाले.) दोन्ही एकमेकांना घट्ट जोडलेले, त्यामुळे तापल्यावर पट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते आणि चिनीमातीच्या छोट्या खुंटीने वीज जोडणाऱ्या दोन पॉइंटपैकी वरचा ढकलते. पॉइंट सुटले की वीज तुटते आणि दिवा विझतो. तळ निवला की पट्टी सरळ होते, पॉइंट पुन्हा जुळतात.

बटण फिरवता तेव्हा आतला स्क्रू पॉइंटची जागा सरकवतो. बटण ‘सुती’ या खुणेवर ठेवले की पट्टीला जास्त वाकावे लागते, म्हणजे तळ जास्त तापतो. बटण पुढे फिरवल्याने इस्त्री लवकर तापत नाही. फक्त थांबते उशिरा.

काळजी करा ती दिवा कधीच विझत नसेल तर. ठिणग्यांनी पॉइंट एकमेकांना चिकटलेले असू शकतात. तेव्हा प्लग काढा. थर्मल फ्यूज (इस्त्री फार तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा-फ्यूज) उडाला असेल, तर त्या जागी तार जोडून देणाऱ्या कारागिराकडे इस्त्री मुळीच देऊ नका.